सासवांची चढाई

तीर्थरूप नाना यांच्या चरणी आखाडा बाळापूरहून किशनरावाचा नमस्कार. (चरणांचा विषय पुढं येणारच आहे, म्हणून आधी उरकून घेतो.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वसमतच्या बाजारात हळदीला भाव बरा असेल. इकडं सगळं ठीक, फक्त तुमच्या बहिणीनं साठीच्या तोंडावर कबड्डी सुरू केली आहे.

झालं असं, की गावात बायकांचे सामने ठरले, सासवा विरुद्ध सुना. मला वाटलं, सासवा मैदानात उतरून नुसत्या सूचना करतील. पण तुमची बहीण पदर खोचून दम धरत थेट सुनांच्या अंगणात शिरली. आता समोरून सासू आली म्हटल्यावर सुनांनी काय करावं? सवयीनं डोक्यावर पदर घेतला, आणि दोघी तर चक्क वाकून पाया पडल्या. ही त्यांना आशीर्वाद न देता वाऱ्यासारखी रेषेपलीकडं परत. मास्तरांनी शिट्टी मारून दोघींना बाद दिलं. (आशीर्वाद सामना संपल्यावर दिला, तेवढी रीत सांभाळली.)

पुढच्या चढाईला मात्र आमची सून अनुश्री वाकली ती पाया पडायला नव्हे. तिनं सासूचा घोटा असा धरला की सुटेना. उरलेल्या सुना वरून पडल्या. एक हात रेषेकडं ताणत ही मातीत सरपटत होती, बांगड्या फुटल्या, आणि बोटभर अंतरावर दम सुटला. सासवा हरल्या. मी घाबरून धावलो, तर ही मातीनं भरलेल्या तोंडानं हसत होती आणि अनुश्रीची पाठ थोपटत होती. नाना, खरं सांगतो, मला त्या दोघींचा फार अभिमान वाटला.

घरी आल्यावर हळदीचा लेप लावता लावता विचारलं, या वयात हे काहून? म्हणाली, "घरात मी कुनाची आई, कुनाची काकू. तिथं समदे माझं नाव घेऊन वरडून राहिले व्हते."

आता सासू-सून मिळून रविवारी कळमनुरीला तालुक्याच्या सामन्यात खेळणार आहेत. माझी गावात काही इज्जत आहे. तुमची बहीण ऐकते ते फक्त तुमचं, तेव्हा येऊन चार शब्द समजावून सांगा.

आपला,
किशनराव

ता. क. समजावायचं राहू द्या. सकाळच्या एसटीनं या, म्हणजे पुढं बसायला जागा मिळेल. येताना तिच्या मापाचे कापडी बूट आणा, इथं मिळेनात.

आणखी एक. लग्नापासून मी तिला 'अगं' म्हणत आलो, नाव कधी घेतलं नाही. रविवारी घ्यायचं ठरवलं आहे, पण चारचौघांत जीभ रेटत नाही. तुम्ही लहानपणापासून घेत आलात. 'मोती' म्हणून पहिली हाक तुम्ही मारा, मागून मी ओरडतो.