कंटेनरमधली हिरवी पुडी

ताइनान, पंचवीस जून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या शी-कुनचा वाकून नमस्कार. यू-शान आणि दोन्ही बाळं ठणठणीत असतील असं धरून चालतो. लेकीला तिळाच्या तेलातली कोंबडी रोज कर, पण बाळंतीण ती आहे, तू नव्हेस, तेव्हा हात आखडता ठेव. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात राहिल्या होत्या त्या सोबत पाठवल्या आहेत. इकडे सर्व क्षेम. कारखाना सुरळीत चालू आहे, कुणाचं काही अडलेलं नाही आणि तुझी कुणाला फारशी आठवणही येत नाही. हे मुद्दाम कळवतो, म्हणजे तू निर्धास्त राहशील. (फोन बंद ठेवलास ते बरंच केलंस. "काय असेल ते कागदावर लिही, फोनवर तू बोंबलतोस," असं म्हणाली होतीस. मी बोंबलत नाही. पत्रा कापणाऱ्या प्रेसच्या आवाजात तीस वर्षं बोलल्यावर माणसाचा गळा असाच होतो.)

एप्रिलमध्ये जाताना फाटकापाशी तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेलच. मला तर पाठ आहे. जर्मनीच्या नव्या गिऱ्हाइकाचा पहिला कंटेनर तीस जूनच्या आत त्यांच्या गोदामात उतरला तर बाबांचा शिक्का माझ्या हातात, नाही उतरला तर सायलेन्सरचा धंदा बंद करून कारखाना चांगह्वाच्या तेंगदादाला विकायचा. तो तर तीन वर्षं टपूनच बसलाय. एवढं बोलून शिक्का पर्समध्ये टाकलास आणि काओश्युंगच्या बसमध्ये चढलीस. ताई, मी बावन्न वर्षांचा झालो, पण त्या शिक्क्याशिवाय माझ्या सहीला या गावात अजून किंमत नाही. बँकेतली बाईसुद्धा माझा कागद हातात घेऊन माझ्या मागे बघते, ताई आल्यात का म्हणून. तर कळवायला आनंद होतो की कंटेनर काल उतरला, सहा दिवस राखून. कसा उतरला ते मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

बारा एप्रिलला, तू गेल्यावर चौथ्या दिवशी, पंचांग बघून माल भरायला घेतला. पाइप, क्लॅम्प, चकत्या, सगळं तू लिहून दिल्याबरहुकूम. शेवटची पेटी आत गेली आणि पॅकिंगवाल्या आ-कुई मावशी कंटेनरच्या दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून आपल्या प्रत्येक मशीनच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी आहे, कॉम्प्युटरवर आहे, पाण्याच्या फिल्टरवरसुद्धा आहे, आणि हा एवढा माल सात समुद्र ओलांडून एकटा निघालाय तर त्याच्याबरोबर काहीच नाही? पोरीला सासरी धाडताना असं रिकाम्या हातानं धाडतात का? मी म्हटलं, मावशी, निर्यातीच्या नियमात बसत नाही. त्या "बरं" म्हणाल्या, मांडीवर डबा उघडला आणि दारातच जेवायला बसल्या. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, बंदराचं फाटक पाचला बंद होणार, आणि मावशी एकेक घास बत्तीस वेळा चावतायत. शेवटी मी हात टेकले. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानात फक्त पिवळ्या पुड्या. हिरव्या सगळ्या पलीकडच्या कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीनं नव्या मशीनच्या मुहूर्तासाठी उचलल्या होत्या. (पिवळी ठेवली की काय होतं ते तू वेल्डिंग खात्यात बघितलंयस. त्या वर्षी तीनदा आग लागली.) असो. हिरवी पुडी मिळाली. कुठून मिळाली, कुणी आणली, या तपशिलात शिरण्यात आता अर्थ नाही.

मी पस्तीस दिवसांचा हिशेब धरला होता. पण तिकडच्या समुद्रात काहीतरी गडबड, म्हणून जहाज अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून निघालं. रोज सकाळी माशाची पेज पिता पिता मी कॉम्प्युटरवर त्याचा ठिपका बघायचो. ठिपका हलायचाच नाही. दर चांद्र महिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला जमिनीच्या राखणदार भूदेवाला फळं ठेवली, उदबत्ती लावली आणि कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकून विचारलं, माल वेळेत पोचेल का? तुला ठाऊक आहे, एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. माझे दोन्ही उताणे. म्हणजे देव हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही हसल्यावर मावशी म्हणाल्या, प्रश्न मूर्खासारखा असला की तो हसतो. मी प्रश्न बदलला. तरी हसलाच.

त्रेपन्नाव्या दिवशी, चार जूनला, जहाज लागलं आणि कस्टमवाल्यांनी नेमका आपलाच कंटेनर उघडला. सायलेन्सरच्या पाइपांच्या डोक्यावर खाऊची पुडी, आणि कागदात तिचा उल्लेख नाही. त्यांचं पत्र आलं. मी ठरवलं, बाबांच्या कारखान्याचं नाव आहे, एक अक्षर खोटं लिहायचं नाही. त्यांनी विचारलं, हा पदार्थ माणसांना खाण्यासाठी आहे का? मी लिहिलं, मुळीच नाही. मग कशासाठी आहे? माल नीट वागावा म्हणून. कुणी खाल्ला तर काय होईल? मी लिहिलं, निश्चित सांगता येत नाही, पण आमच्याकडे आजवर कुणी धाडस केलेलं नाही. झालं! दोन दिवसांत कंटेनर धोकादायक मालाच्या आवारात, आणि पांढरे डगले घातलेली माणसं चिमट्यानं पुडी उचलतायत. गिऱ्हाइकाच्या खरेदीखात्याच्या लिंडेमान बाईंनी फोटो पाठवला, सोबत एकच ओळ: माझ्या पाइपांबरोबर तुम्ही नेमकं काय पाठवलं आहे? तेंगदादाला कुठून कळलं देव जाणे, त्याच संध्याकाळी तो टेप घेऊन आला आणि फाटकाची रुंदी मोजून गेला. मावशींनी मात्र तो फोटो छापून भिंतीवर लावला. काचेच्या बरणीत पुडी, बरणीवर नंबर. त्या म्हणाल्या, परदेशात बघा कशी मान देतात.

पंधरा दिवसांनी तपासणीचा निकाल आला. मका, तेल, मीठ, नारळ, निरुपद्रवी. फक्त एक शेरा: पुडीची मुदत दोन जूनला संपली होती. ताई, तो कागद मी पॅकिंग खात्यात मोठ्यानं वाचला आणि सगळे बोटांवर दिवस मोजायला लागले. म्हणजे वादळं, आफ्रिका, सगळं सुखरूप पार पडलं, आणि मुदत संपल्यावर दोन दिवसांत माल अडकला. पुडीचा काहीच दोष नव्हता. तिनं मुदतीपर्यंत इमानानं काम केलं. दोष माझ्या पस्तीस दिवसांच्या हिशेबाचा. मावशींनी डोक्याला हात लावला. "अरे, ज्याला पुडीवरची तारीख वाचता येत नाही तो म्हणे परदेशात माल धाडणार!"

मी लिंडेमान बाईंना सगळं खरं खरं दीड पान लिहून कळवलं आणि सगळं संपलं असं समजून टेबल आवरायला घेतलं. दुसऱ्या दिवशी उत्तर. माल सुटलाय, गोदामात उतरवून घेतोय, मोजमाप चोख आहे. त्यांचीच एक मशीन या महिन्यात चारदा बंद पडली, तेव्हा पुडी त्या ठेवून घेतायत. पुढची मागणी तीन कंटेनरची, ऑगस्टअखेर. प्रत्येक कंटेनरमध्ये एक हिरवी पुडी, मुदत किमान नव्वद दिवस, आणि मालाच्या यादीत चौदाव्या ओळीवर तिची रीतसर नोंद. आता बोल!

तेव्हा तुझ्या शब्दाप्रमाणे शिक्का कुरिअरनं पाठवून दे. स्वतः येण्याची तसदी घेऊ नकोस. बाळं चालायला लागेपर्यंत खुशाल राहा. यू-शानला आशीर्वाद, बाळांचे पापे.

तुझा,
शी-कुन

ता. क. पुडीच्या तपशिलात शिरायला हवं. ती एक नंबरच्या प्रेसवरची होती, बाबांच्या. मावशी नको नको म्हणत होत्या, मीच स्टुलावर चढून काढली. त्या दुपारपासून प्रेस हललेली नाही. तीन मेकॅनिक येऊन गेले. म्हणतात, मशीनला काही झालेलं नाही. मी एकामागून एक अकरा नव्या पुड्या ठेवल्या, सगळ्या हिरव्या, सगळ्या मुदतीतल्या. चकत्या तीच कापते, तेव्हा अडीच महिने साठ्यातल्या चकत्यांवर काढले, त्या उद्या संपतील. चकत्या नाहीत तर ऑगस्टचे तीन कंटेनर कसले भरतोय!

दुसरा ता. क. मावशी म्हणतात, ती पुडी तुझ्या हातची होती आणि रोज सकाळी तू प्रेसला दोन थापा मारून "ऊठ म्हाताऱ्या, घर चालवायचंय" म्हणायचीस. मी तसंच म्हणून बघितलं. थापाही मारल्या. उजवा हात सुजलाय, अक्षरावरून तुझ्या लक्षात आलंच असेल.

तिसरा ता. क. शिक्का पाठवू नकोस. तुझ्याच पर्समध्ये राहू दे आणि पर्स घेऊन तूच ये. तुझी आठवण येत नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. रोज साडेसातला फाटक वाजलं की मी खुर्चीतून उठतो, आणि तो पोस्टमन असतो. फार कंटाळा आलाय गं त्या पोस्टमनचा.

शेवटचा ता. क. येताना स्टेशनवर एक पुडी घे. हिरवी घे, तारीख बघ आणि गाडीत कुणाला फोडू देऊ नकोस. आज भूदेवाला एवढंच विचारलं, ताई येईल का? या खेपेला तो हसला नाही. एक उताणा, एक पालथा. आता त्याला खोटं पाडू नकोस.