सहावा भाग कुणी पाहिला?

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. फोनवर तू दर दोन वाक्यांनी गिऱ्हाइकाला चष्मा दाखवायला पळतोस, म्हणून पत्र.

मी हादरले आहे. दोन वर्षं खपून लिहिलेली माझी मालिका कुणी पाहतच नाहीये! ज्यांनी पाहिली ते भरभरून बोलतात, पण ते बोटांवर मोजण्याइतके. त्याच शुक्रवारी आणखी तेवीस मालिका आल्या. अ‍ॅपवर माझी शोधायला अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागतं. चांगली असली की लोक पाहतीलच, असं मी धरून चालले होते. वाईट असती तर निदान शिव्या तरी पडल्या असत्या. महिनाभरात पुरेशा लोकांनी शेवटपर्यंत पाहिली नाही, तर पुढचा सीझन नाही.

ते जाऊ दे. सहावा भाग कसा वाटला? तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो जरा पत्रातही दिसू दे.

तुझी,
छकुली

९ मार्च

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट. घाबरतेस काय? रविवारी आत्याकडे सगळे जमलो होतो, तिथेच ठरलं. आत्या, मामा, तुझ्या वहिनीचं माहेर, झाडून सतरा घरं. रोज सकाळी तुझा पहिला भाग लावायचा, आवाज बंद करायचा आणि आपापल्या कामाला लागायचं. मामा तर लावून अंघोळीला जातो आणि बाहेर आला की बंद करतो. उगाच वीज कशाला जाळायची, म्हणतो. आता बाकीच्यांनीही तोच नियम केलाय.

सहावा भाग फर्मास! त्या मिशीवाल्याने काय काम केलंय. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माया मापून देत नाही, हवी तेवढी घे.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग पुढच्या वेळी.

पुढचा सीझन रद्द झाला. कंपनीतल्या बाईंनी मला आलेख दाखवला. आधीच मूठभर प्रेक्षक, त्यातले निम्मे रोज पहिला भाग लावतात, विसाव्या मिनिटाला बंद करतात आणि दुसऱ्या भागाकडे फिरकतही नाहीत. म्हणजे मालिका कंटाळवाणी, असं त्यांचं म्हणणं. दादा, ते प्रेक्षक तुम्ही आहात! मी काय सांगणार होते, की तो माझा मामा आहे आणि त्याची अंघोळ तेवढ्यात आटपते?

त्याहून मोठा धक्का तुझ्या पत्राचा. सहाव्या भागात मिशीवाला नाहीच. दोनच माणसं आहेत, हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले बहीणभाऊ. तो भाग मी एकाच माणसासाठी लिहिला होता. जगाने पाहिलं नाही हे मी समजू शकते, जगासमोर आणखी तेवीस मालिका होत्या. तुला बहीण एकच आहे.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

छकुली

६ एप्रिल

चि. छकुलीस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो. काल दुकान बंद ठेवलं आणि आठही भाग सलग पाहिले. इतकं चांगलं काही आपल्या घरातून निघालं आणि आम्ही त्याचा आवाज बंद करून ठेवला होता, याची लाज वाटते.

सहाव्या भागात तो भाऊ उशिरा पोचलेल्या बहिणीला सांगतो, की बाबांनी शेवटी तुझंच नाव घेतलं. आणि तिला नर्सने आधीच सांगितलेलं असतं, की बाबा आदल्या दिवसापासून शुद्धीवरच नव्हते. म्हणजे बाबा गेले तेव्हापासून, अकरा वर्षं, तुला माहीत होतं? आणि तरी दर वर्षी त्या दिवशी फोन करून, बाबांनी नाव कसं घेतलं ते मला पुन्हा सांगायला लावायचीस?

आज तुझ्या वहिनीला तो भाग दाखवायला बसलो, तर मालिका अ‍ॅपवरून काढून टाकलेली. शोधून शोधून थकलो. मग मीच तिला सगळा भाग सांगितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिलाही मी तेव्हा तेच खोटं सांगितलं होतं. मग तिने विचारलं, की बाबांनी खरंच कुणाचंच नाव घेतलं नव्हतं का.

नव्हतं, असं मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो.

लोभ मागायचा हक्क नाही, म्हणून मागतो.

तुझा,
दादा