स्ट्रेंग्थ ब्याण्णव, क्वालिटी शून्य

४ नोव्हेंबर, बुधवार
आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. गच्चीवर मीटर हातात धरून उभा होतो. खिडकीतून ती म्हणाली, "डिशवाले, अजून थोडं फिरवा ना." त्या 'ना'मध्ये जे होतं ते नुसत्या डिशसाठी नसतं.
घर गच्चीला लागून. तिचे वडील जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, आता गुडघे गेले, दिवसभर टीव्ही. त्यांना मोटरवाली डिश हवी होती. बटण दाबलं की मोटर डिशला एका सॅटेलाइटवरून दुसऱ्यावर फिरवते. काकांचे सगळे चॅनल परवाच लागले. हिला मात्र एकच हवंय, पार पश्चिमेच्या टोकाच्या सॅटेलाइटवरचं, परदेशी बातम्यांचं. ती भाषा हिला येत नाही. मग कशाला हवंय? मी रोज यावं म्हणून. लहान पोरालाही कळेल.
संकल्प: राग बंद. आठ दिवसांत मनातलं सांगून मोकळं व्हायचं.

५ नोव्हेंबर, रात्री
मीटरचं बटण कान पिळावा तसं पूर्ण पिळलं. काटा टोकाला, बीप असा की शेजारच्या गच्चीवरची बाई ओले कपडे टाकून आत पळाली. इकडे काकांच्या मुलीने आतून टीव्हीवरचा आकडा सांगितला: स्ट्रेंग्थ ब्याण्णव. लगेच हेही सांगितलं की क्वालिटी शून्य आहे आणि चित्र नाही. मी म्हटलं, ब्याण्णव म्हणजे डिस्टिंक्शन. ती हसली. (किंवा खोकली. पण गोड.)
दुकानात मालकांनी गिऱ्हाइकांसमोर अक्कल शिकवली. म्हणे मीटर ओरडला म्हणजे काहीतरी सापडलं एवढंच, काय सापडलं ते क्वालिटी सांगते. कॉलेजातले सरही असंच बोलायचे. लॅबमध्ये मी म्हटलं होतं, काटा बरोबर आहे, पुस्तक चुकलंय. वर्ग हसला. मी स्टूल उचललं. दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं. आई म्हणते कॉलेजने सोडलं. तिला शब्दात पकडायची खोडच आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा शून्य. ढग होते. नव्हते, पण वर कुठेतरी असणार. राग बंद असल्यामुळे डिशच्या खांबाला एकच लाथ मारली.
मोठी कमाई: उभं राहायची जागा सापडली. पाण्याच्या टाकीमुळे इतके दिवस तिचा अर्धाच चेहरा दिसायचा. डिशच्या बरोबर पुढ्यात उभं राहिलं की खिडकी पूर्ण समोर येते. ती टीव्हीकडे बघत असते तेव्हाही एक गाल माझ्याकडे असतो.

९ नोव्हेंबर, सोमवार
ती आज खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "एकदा ते चॅनल लागू दे. मग बाबांना सगळं सांगून टाकणार आहे मी."
सगळं!
खांब समोरच होता. दोन लाथा मारल्या, आनंदाने.
घरी आईला म्हटलं, मनाची तयारी ठेव. आईने भांडी घासता घासता विचारलं, मुलीला तुझं नाव तरी माहीत आहे का. तपशील. नवा शर्ट घेतला, निळा. डिशच्या पांढऱ्यावर उठून दिसेल.

१० नोव्हेंबर, मंगळवार
मालक स्वतः आले. खांबाला लेव्हल लावली. खांब दोन बोटं कललेला. मोटर फिरायची ती खांबाभोवती, खांब वाकडा तर टोकाचा सॅटेलाइट कधीच लागायचा नाही, असं म्हणाले. कुणी धक्का दिला, विचारलं. मी म्हटलं वारा. त्यांनी माझ्या बुटाकडे पाहिलं.
खांब सरळ केला, बोल्ट आवळले. जाताना बजावलं की पश्चिमेचा सॅटेलाइट आकाशात अगदी खाली असतो, डिशच्या पुढ्यात काहीही ठेवायचं नाही. आणि गुरुवारपर्यंत चित्र नाही आलं तर मीटर दुकानात ठेवून घरी जायचं, कायमचं.
मी लगेच पुढ्यातली बादली हलवली. दोन कुंड्या हलवल्या. कपड्यांची दोरी सोडली. जागा अशी लख्ख झाली की उभं राहायला मजा आली.
क्वालिटी शून्य.

११ नोव्हेंबर, बुधवार
चमत्कार. खाली स्कूटरवरून केबल आणायला गेलो तर वरून तिचा आवाज, आलं, आलं, क्वालिटी सत्तर! तीन मजले धावत चढलो. माझ्या जागेवर पोचलो. गेलं.
दुपारी चहाला गेलो. आलं. परतलो. गेलं.
निष्कर्ष: मी नसलो की कुणीतरी डिशला हात लावतं. उद्या जागचा हलणार नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ
निळा शर्ट. सकाळी नऊपासून डिशच्या पुढ्यात, छाती काढून. शून्य, शून्य, शून्य.
साडेअकराला काका काठी टेकत खिडकीशी आले. माझ्याकडे पाहिलं. डिशकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.
"चाळीस वर्षं जहाजावर रेडिओ सांभाळला," ते म्हणाले, "पण शर्ट घातलेला अडथळा पहिल्यांदा बघतोय. बाजूला हो रे."
टाकीशी सरकलो. आत चित्र आलं. परदेशी नकाशा आणि त्याच्यापुढे टाय लावलेला एक तरुण, ढगांवर हात फिरवत होता.
"बाबा," ती म्हणाली, "हाच तो."
काकांनी बराच वेळ पाहिलं. मग आवाज वाढवायला सांगितला. मग विचारलं, इथे केव्हा येतोय. ती रडायला लागली. टाकीमुळे मला अर्धंच रडणं दिसलं.
पाय उचलला होता. खांबाला नाही मारला. सरळ पुन्हा डिशच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तरुण गेला. वाटलं, आता ती बघेल माझ्याकडे.
बघितलं. रागावली नाही. नुसती थांबली, वाटेत बैल बसला की लोक थांबतात तशी. मग म्हणाली, "झालं ना तुमचं काम? जाताना गच्चीचं दार लावून घ्या, वाऱ्याने आपटतं."
मीटर सोडवून खिशात घातला. बाजूला झालो. आत काका हसले, म्हणजे तो परत आला असणार.
निघालो. दार लावून घेतलं.