कापून टाकलेली शांतता

९ फेब्रुवारी, रविवार
ह्यांनी माझं घोरणं मोबाईलमध्ये टिपलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आमच्या घरी ट्रॅक्टर आला.' सकाळपासून नुसती हसणारी तोंडं. नणंद विचारते, वहिनी, डिझेल किती लागतं? आणि हा ग्रुप अश्विनीच्या लग्नावेळचा, त्यात तिच्या सासूबाई बी आहेत, हे ह्यांच्या ध्यानातच न्हाई! लेकीच्या सासरी माझी अब्रू वाजतगाजत गेली. "जराशी मज्जा केली गं," म्हणतात. जेवायला वाढलं, ते ताट आपटूनच.

१० फेब्रु.
अंगणवाडीत आज परत तेच. पोरांना खिचडी वाढली, हजेरी लिहायला बसले आणि पेन हातात धरून तशीच... मदतनीस सुमनबाईनं हलवलं. "ताई, उठा की." रजिस्टरवर पेनाची रेघ पार खालपर्यंत घसरत गेलेली. पोरं टकमक बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
रोज नऊला पडते, सहाला उठते. मग ही झोप जाते कुठं? सकाळी डोकं ठणकतं, तोंडाला कोरड, रात्रीतून तीन-चारदा मोरीकडं. बीपीची गोळी दोन वर्षं चालूय, बीपी काही खाली यायचं नाव घेत न्हाई.

१४ फेब्रु.
अश्विनीचा फोन. सातवा लागला तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात विचारायचं काय? जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवून ठेवलीत, डिंक आणलाय, बाज आवळून घेतलीय. तर म्हणते, "आई, आत्याबाई म्हणत्यात, इथंच करू." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.
"कावून?"
आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "तुझा तो आवाज ऐकला त्यांनी. बाळ दचकंल म्हणल्या. आन् तू दिवसा बी पेंगतीस ना. मांडीवर बाळ घेऊन डोळा लागला तर..."
आवाजाचं ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. पण पेंगायचं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. कारण ते खरंय.

१७ फेब्रु.
गावातल्या डॉ. कडं गेलते. हे सोबत. "या वयात बायकांचं असंच असतं. पाळी गेली ना? टेन्शन घेऊ नका." ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि एक झोपेची. म्हणलं, डॉक्टर, मी घोरते लई. तर ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "मग तुम्ही कापूस घाला कानात." दोघं मिळून हसले. आजारी मी, आणि कापूस ह्यांना!

१९ फेब्रु.
ती झोपेची गोळी घेतली. सकाळी मान उचलंना. अंगणवाडीची किल्ली माझ्याकडं, पोरं बंद दारापुढं उभी. सुमनबाई घरी येऊन किल्ली घेऊन गेली. गोळी उकिरड्यावर टाकली. कुणाला विचारलं न्हाई.

२३ फेब्रु., पाटोदा
मोठ्या दिरांच्या पोराचं लग्न. बायकांच्या गाद्या हॉलमध्ये आणि माझी कुठं? भांड्याच्या खोलीत, पराती-पातेल्यांच्या शेजारी. जाऊ म्हणते, "तुमाला इथं मोकळं वाटंल." मोकळं! बाहेर मांडवात निम्मे गडी घोरत होते, थोरल्या दिरांचं तर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. त्यांना कुणी उठवलं? न्हाई. दमलेत म्हणे. आणि मी काय दोन दिवस लोळत होते? बुंदी पाडून हाताला फोड आलेत. गडी घोरला की दमला, बाई घोरली की तमाशा.
उद्या बीडला जाते म्हणून सांगितलं ह्यांना. छातीच्या मोठ्या डॉ. कडं. आणि तुमी यायचंच. माझं घोरणं ऐकलंय तुमी, मी न्हाई.

२४ फेब्रु.
आजचं सगळं लिहून ठेवते.
डॉ. बाई तरुण. हसली न्हाई, हेच पहिलं आवडलं. विचारलं, "घोरता घोरता आवाज मधेच थांबतो का? गुदमरून उठता का?" आता मला काय माहीत, मी झोपलेली! ह्यांना विचारलं. म्हणाले, "तेवढं लक्ष न्हाई दिलं." मीच म्हणलं, दाखवा की तुमचा ट्रॅक्टर. ओशाळून मोबाईल काढला.
बाईंनी ऐकलं. परत ऐकलं. "हे सलग कसं काय? मधलं काढलंय का काही?"
हे म्हणाले, "मधीमधी नुसतं गप होतं. त्यात काय मजा न्हवती. भाच्याला सांगून तेवढं काढलं."
"मूळचं आहे?"
होतं. लावलं. घोरणं, घोरणं, मग काहीच न्हाई. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. काटा चाललाय आणि मोबाईल गप. मला वाटलं बंद पडला. मग एकदम विहिरीतून वर काढल्यासारखा आवाज. ती मी. परत घोरणं, परत गप. परत.
"एवढा वेळ ताईंचा श्वास बंद होता," बाई म्हणाल्या.
ह्यांनी मान खाली घातली. घालू देत. मजा न्हवती म्हणून कापलं! शेजारी बायको श्वासावाचून पडलीय ते कापलं आणि ट्रॅक्टर तेवढा ठेवला. एसटीत मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

२५ फेब्रु.
बाईंनी सांगितलेलं विसरायच्या आत: झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागं जाते, वाट बुजते. श्वास अडला की मेंदू दचकवून उठवतो. आपल्याला कळत बी न्हाई. रात्रभर हेच, म्हणून नऊ तास पडूनही झोप न्हाई. सकाळचं डोकं, मोरीच्या खेपा, बीपी, सगळं यातून असू शकतं. वजन, जाड मान, पाळी गेल्यावरचं वय, ही कारणं. थायरॉईड तपासायचं. उताणं झोपायचं न्हाई. आणि झोपेच्या गोळीनं घसा आणखी सैल पडू शकतो.
आणि मला तीच दिली होती! हसत हसत!

५ मार्च
तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा बांधून एक रात्र घरीच निजायचं. आज निकाल. आजार मोठाय, मशीन लावायचं, रोज. तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा ऐकून हे बाकावर बसले ते उठंचनात. मी म्हणलं, चला, एसटी जाईल.

८ मार्च
मशीन आलं. नाकावर मुखवटा, त्यातून हवेचा दाब, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. पहिल्या रात्री दोनदा ओढून फेकलं. नणंद बघायला आली, दारातूनच, "अगं बाई, ऑक्सिजनवर गेली का वहिनी?" म्हणलं, न्हाई, डिझेल बंद केलंय.

१२ मार्च
ह्यांनी आज मूळचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. न कापलेलं. खाली लिहिलं, 'हसू नका. शेवटपर्यंत ऐका. चूक माझी.' मला विचारलं न्हाई, याचा राग आलाच. पण परत वाचलं.
कुणी काही लिहिलं न्हाई. एवढी बोलकी माणसं! संध्याकाळी जावेनं एक गुलाबाचं फूल टाकलं. फूल!

२२ मार्च
आता मुखवटा रात्रभर टिकतो. डोकं दुखलं न्हाई, आठवा दिवस. हजेरी एका बैठकीत संपली. सुमनबाई म्हणे, ताई, आज पोरांच्या आधी पेंगला न्हाईत. मोरीची एकच खेप. हे मात्र जागेच. "आवाज न्हाई तर भ्या वाटतं," म्हणतात. वाटू दे थोडं.
अश्विनीला सगळं सांगितलं. ती रडली. "पण आत्याबाई ऐकंनात गं."

६ एप्रिल, रविवार
विहीणबाई आल्या. बोलावलं न्हवतं, पण मी वाटच बघत होते. चार गोष्टी सुनवायच्या म्हणून तयारीत. दुपटी मुद्दाम बाजेवर मांडून ठेवलेली. चहा झाला. म्हणाल्या, "ते यंत्र बघू द्या."
बघा म्हणलं. हे पण बघा की दिवसभर जागी असते, वीस पोरं सांभाळते, माझ्या लेकीचं एक बाळ मला जड न्हाई. डॉ. बाईंचा कागद पुढं टाकला. आवाज चढला माझा, चढू दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक दुपटं उचललं, घडी मोडली, परत घातली. हो म्हणाल्या न्हाईत, न्हाई म्हणाल्या न्हाईत.
निघताना ह्यांना बाहेर जाऊ दिलं आणि हळूच विचारलं, "विहीणबाई, ती डॉक्टरीण मला बघंल का? माजं बी सकाळी डोकं दुखतं. मी बी लई घोरते म्हणत्यात."
माझा सगळा राग जागच्या जागी जिरला. विचारलं, मधे श्वास थांबतो का तुमचा? कुणी ऐकलंय?
म्हणाल्या, "ऐकायला जवळ कोण निजतंय? बारा वर्सं झाली, माजी बाज गोठ्यापाशी हाय."
मंगळवारी दोघी बीडला जायचं ठरलं. अश्विनीच्या बाळंतपणाचं बोलायचं तसंच राहिलं.