राजवर्धनरावांचा शब्द आणि मेंढीचं आतडं

मु. पो. पिंपळी, ता. बारामती
आखाड सरायला चार दिवस

रा. रा. रणजितराव यांस मानसिंगचा नमस्कार. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं धरू नका. तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर बरंच आहे, निदान घरी सापडाल. मी फोन केला की तुम्हाला इंदापुरात रेंज नसते (टॉवर तुमच्याच घरावर आहे, रणजितराव!), म्हणून हे पत्र. तुम्ही माझ्या बायकोचे, मुक्ताचे, थोरले भाऊ, शिवाय आमच्या लेकीला, संस्कृतीला, स्थळ आणणारे मध्यस्थ, म्हणून मानानं लिहितोय. पण संतापून लिहितोय हे ध्यानात ठेवून वाचा.

आखाडाच्या पहिल्या रविवारी जावयाला मटणाचं जेवण केलं, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून नळी चोखत होता. जावई राजवर्धनराव ट्युनिशियात नोकरीला. लग्न जमवताना तुम्ही म्हणालात, वर्षभराचा प्रश्न आहे, मग पोरगा बारामतीतच. अक्षता पडल्यावर कळलं की करार पाच वर्षांचा आहे आणि ते पोरीलाही नेणार. एकुलती एक पोर! मी पानावर बसून एवढंच विचारलं, की असं काय आहे तिथं, जे इथं नाही? राजवर्धनराव म्हणाले, "मेरगेझ, मामा." म्हणजे काय, तर मेंढीच्या मटणाचा खिमा, त्यात लाल मिरचीचा ठेचा, लसूण, जिरं, बडीशेप, आणि हे सगळं मेंढीच्याच आतड्यात भरून निखाऱ्यावर भाजायचं. वर हसत म्हणाले, "त्ये हितं मिळवून द्या, हितंच ऱ्हातो." पाच माणसांत म्हणाले. आपल्याकडं पाच माणसांत सुपारी फुटते, बांधाची भांडणं मिटतात. मी तो शब्द धरला. बाकीचे हसले, आणि सगळ्यात मोठ्यांदा तुम्ही.

दुसऱ्या दिवसापासून मी मोटरसायकलवर. बारामतीच्या मॉलात गारठलेली कोंबडीची सॉसेजं मिळाली, गुलाबी, गुळगुळीत, चव पुठ्ठ्याची. भिगवणला गेलो. तिथल्या हॉटेलवाल्याला नाही म्हणायची सवयच नाही. "मिळंल की, बसा अर्धा तास," म्हणाला आणि चिलापीचा खिमा करून बोटाएवढ्या वळकट्या तळून आणल्या (आता माशाला आतडं मेंढीचं कुठून येणार, हे त्याला विचारलं तर तो माझ्यावरच चिडला). मग तुम्ही तुमच्या ओळखीच्या माणसाकडून पुण्याहून पाकीट मागवून दिलंत. एवढा उपकार कशाला केलात? ते फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवस झाल्यावर संस्कृतीनं बारीक अक्षरं वाचली. डुकराचं होतं! तुमच्या बहिणीनं फ्रीज अंगणात काढून धुतला आणि मला सांगितलं, की एकतर ही सॉसेजं घरात राहतील नाहीतर ती. तुमचं नाव घेऊन जे बोलली ते लिहीत नाही, राखी पौर्णिमा जवळ आली आहे.

शेवटी पणदऱ्याचे बापूसाहेब आठवले. त्यांच्या घरी पूर्वी दोनशे मेंढरं होती, आता ऊस आहे. त्यांनी मेंढी मिळवून दिली आणि त्यांच्या आई बानूबाई स्वतः आल्या. म्हातारीला पदार्थाचं नाव-गाव काही सांगावं लागलं नाही. "आतडं उलटं करून मीठ-हळद लावायची, सात पाण्यानं धुवायचं. ह्येच्यासाठी इमानात बसून कशाला जायाला पायजे?" असं म्हणून पदर खोचला. भरायचं कशानं यावर मुक्तानं सोऱ्या द्यायला साफ नकार दिला, त्यानं दिवाळीची चकली होते म्हणून. मग बैलाला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं उकळून घेतलं (हे जावयाला सांगू नका). दोन वेळा आतडं फाटलं, एकदा खिमा छपराला चिकटला, पण दुपारपर्यंत नऊ वार मेरगेझ तयार झालं. नऊ वार, रणजितराव! नेसायचं लुगडं तेवढं असतं.

जावई आले. पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा तुकडा उचलला. मग म्हणाले, "मामा, एकदम तसंच." अकरा तुकडे खाल्ले. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, चला, मग ठरलं, इथंच राहायचं. ते हसले. मी हसत नाही असं बघून त्यांचा हात पानावरच थांबला. "मामा, म्या गंमत केलती ओ." गंमत! तीनशे किलोमीटर मोटरसायकल फिरली, एक मेंढी गेली, फ्रीजचं दार बिघडलं, आणि ह्यांची गंमत! वर बानूबाईंना कृती विचारून मोबाईलमध्ये उतरवून घेतली, तिकडं गेल्यावर करायला. जिथलं मेरगेझ, तिथं हे पणदऱ्याच्या रीतीनं करणार! जावयाला बोलता येत नाही म्हणून मी गोठ्यात जाऊन म्हशीला बोललो. तिनं वैरण सोडली.

तुम्ही त्या जेवणाचे साक्षीदार आहात. येऊन त्यांना शब्दाची आठवण करून द्या. न आलात तर दिवाळीला माझ्याकडून फराळाची आशा ठेवू नका.

तुमच्या शब्दावर एकदा विसंबलेला,
मानसिंग

ता. क. खरं काम वेगळंच आहे. संस्कृतीच्या पासपोर्टची पोलीस चौकशी व्हायची आहे. तुमची ओळख आहे म्हणता ना? तो कागद दिवाळीपर्यंत कुठंतरी ढिगाखाली राहील असं बघा. कुणाला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी संस्कृतीनं पत्र वाचलं. मी ओरडायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आप्पा, मला जायचंय. त्येंच्यासाठी न्हाय, मलाच बघायचंय. पर तुमी असं तोंड करून बसला तर मी जाऊ कशी?" मी पेन परत हातात घेतलं. तेव्हा वरचं खोडलेलं समजा. उलट चौकशी लवकर करायला सांगा. आणि आमच्या वयाच्या माणसांना पासपोर्टला शाळा सोडल्याचा दाखला चालतो का, ते विचारा. जन्माचा माझ्याकडं नाही, आणि मुक्ता तर शाळेतच गेली नाही. नुसतं विचारून ठेवा. माझा राग अजून गेलेला नाही.