डाव्या बाजूची जिलबी

अल सद्द, दोहा
मार्च १९८४

स्वस्ति श्री नाशिकक्षेत्रस्थ, मुष्टियुद्धविद्याविशारद, व्यायामशाळाधिपती, शतनासिकाभंजक, शालेय वयात माझ्या डब्यातील धिरड्यांचे नित्य अपहर्ते श्रीमान रंगनाथपंत यांजप्रती, मरुभूमिनिवासी, वातानुकूलयंत्राच्या गर्जनेने अर्धबधिर, सिमेंट-लोखंडाच्या चिंतनात केशसंपदा गमावलेले राजाभाऊ यांचा साष्टांग नमस्कार.

प्रिय रंगनाथ,

तू घडवलेला नंदू इकडे वायरमन म्हणून आला आणि कंपन्यांच्या कामगारांच्या मुष्टियुद्धस्पर्धेत सलग दोनदा अजिंक्य ठरला, हे तुला ठाऊक आहेच. परंतु त्याच्या कीर्तीमुळे दर शुक्रवारी माझ्या दिवाणखान्यात जी विद्वत्सभा भरते, तिचा वृत्तांत तुझ्यापर्यंत पोहोचला नसावा. सभेपुढे विषय एकच: नंदूची सर्वश्रेष्ठ लढत कोणती? येत्या महिन्यात पुन्हा अंतिम सामना असल्याने वादाला इतकी धार चढली आहे की शेजारच्या इजिप्शियन गृहस्थांनी परवा दार ठोठावून, घरात सर्व क्षेम आहे ना, अशी पृच्छा केली.

पूर्वपक्ष पोपटरावांचा. हे सांगोल्याचे, अल वक्र्याला पाण्याचा टँकर चालवतात आणि शुक्रवारी तोच टँकर आमच्या गल्लीत आडवा लावून वादास बसतात. त्यांच्या मते सुदानी पहेलवानाविरुद्धची पहिली लढत सर्वोत्तम. “ओ राजाभाऊ, त्यो गडी म्हंजे चालता ट्रक! आपल्या पोरानं दोन ठोसं दिलं अन् यल्ला, खलास! ह्याच्या म्होरं काय बोलता?” मी कोरियन वेल्डरशी झालेल्या लढतीचा पुरस्कर्ता. त्या लढतीत नंदूच्या अंगाला प्रतिस्पर्ध्याचा हात म्हणून लागला नाही. त्याचे पाय जणू जमिनीला केवळ सौजन्य म्हणून टेकत होते. प्रहार हे गद्य असून पदन्यास हे काव्य होय, असे मी प्रतिपादन केले. पोपटराव क्षणभर विचारमग्न झाले आणि म्हणाले, “म्हंजे मारायचं न्हाई व्हय?”

आमच्या गृहलक्ष्मी शशिकलाबाईंचा पक्ष स्वतंत्र आहे. त्यांच्या मते नंदूचे अत्युच्च कौशल्य आमच्या पंगतीतच प्रकट होते. वजनाच्या गटात राहावे म्हणून हा मुलगा गोडास शिवत नाही, आणि शशिकलेच्या आग्रहापुढे आजवर एकही पाहुणा टिकलेला नाही. ती कोठूनही येवो, पुढून, पाठीमागून, गप्पांच्या मिषाने, जिलबी ताटावर येताच नंदूचा हात विजेसारखा आडवा. मान वर न करता, वरण-भातात लक्ष ठेवून! “काकू, बास!” एवढाच उद्गार. वर्षानुवर्षे ती हरत आली आहे आणि दर पराभवानंतर त्याचे कौतुक सांगताना तिचा चेहरा फुलतो.

फेब्रुवारीत उपांत्य लढत झाली आणि वादास नवे परिमाण लाभले. नंदू त्या दिवशी मान किंचित डावीकडे वळवून, एखादा दूरचा स्वर ऐकत असल्यासारखा, प्रतिस्पर्ध्याभोवती एकाच अंगाने फिरत राहिला. मी तत्काळ या शैलीचे ‘वक्रग्रीवा-पद्धती’ असे नामकरण केले आणि सलग काही शुक्रवार तिच्यावर व्याख्याने दिली. पोपटरावांनीही, “ह्ये मातुर नवीन हाय बरं का,” असे म्हणून प्रथमच माझ्याशी सहमती दर्शवली. नंदू ऐकत होता. नुसता हसत होता.

गेल्या शुक्रवारी शशिकला त्याच्या डाव्या खांद्यामागून आली आणि तिने दोन जिलब्या त्याच्या ताटात सोडल्या. हात उठला नाही. जिलब्या भातावर पडल्या, तेव्हा तो दचकला. घरात केवढा जयघोष झाला! पोपटराव ओरडले, “वैनी, बेल्ट तुमचा!” शशिकला हसत स्वयंपाकघरात गेली आणि जिलब्यांची परात हातात तशीच धरून ओट्यापाशी उभी राहिली. मी मागोमाग गेलो. “अहो,” ती म्हणाली, “त्याला मी दिसलेच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढतच नेत्रवैद्याकडे नेले. डाव्या डोळ्याचा पडदा सुटत चालला आहे. तातडीने शस्त्रक्रिया केल्यास दृष्टी वाचेल. एक ठोसा बसला तर डोळा जाईल. मुष्टियुद्ध मात्र दोन्ही परींनी संपले. म्हणजे फेब्रुवारीतील ती लढत तो एका डोळ्याने लढला, जिंकला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आता सर्वश्रेष्ठ कोणती, याविषयी सभेत मतभेद उरलेला नाही. पण हा वेडा म्हणतो, “काका, एवढी फायनल होऊ दे, मग ऑपरेशन. इन्शाल्ला काही होत नाही.” शशिकला रडली, पोपटरावांनी शिव्या दिल्या, मी संस्कृतात समजावले, परिणाम शून्य. फक्त जाताना त्याने मला बजावले, “काहीही करा, वस्तादांना कळवू नका.” रंगनाथ, त्याच वाक्याने मला कळले की तो नेमका कोणाचा शब्द मोडू शकत नाही. प्रत्येक लढतीपूर्वी तो आजही तुझ्या नावाने जमिनीला हात लावतो. म्हणून हे पत्र टपालाने न धाडता, सुटीवर गावी निघालेल्या आमच्या कचेरीतील सुरेशच्या हाती देत आहे. वाचताक्षणी नंदूला तार कर. विनंती नको, आज्ञा कर. हातमोजे खाली ठेव, एवढेच लिही, आणि खाली तुझे नाव.

तुझाच धिरडीवंचित,
राजाभाऊ

ता. क. गेल्या खेपेस तू पाठवलेल्या कोल्हापुरी चपला अत्युत्तम आहेत. तथापि दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. उजवा जोड तुझ्याकडे राहिला की दुकानदाराकडे?