पुलाकाचे गुपित

प्रिय लोटो,

तुझ्या फिजीत मोठे रुग्णालय आहे, ताजी भाजी मिळते; आपल्या तुवालूत पावसाचे साठवलेले पाणी प्यावे लागते. सारे मान्य. पण ‘आईला इथे सुख लाभेल’ हे तुझे वाक्य मला खोटे वाटते. तुला मुले सांभाळायला फुकटची बाई हवी आहे.

तसे सांगितल्यावर आई हसली. “मला कळत नाही होय गं, मास्तरीणबाई? महिनाभर राहून येते की!”

काल मात्र मी न विचारता तिने, आपल्या खड्ड्यातल्या अळूसारख्या पुलाकाच्या कंदांना खत म्हणून कोणता पाला घालायचा ते माझ्या कानात सांगितले. आपल्या घरात हे गुपित कायमचे निघतानाच सांगतात.

लोटो, तू तिला बोलावलेस, की तिनेच तुला बोलवायला लावले?

उत्तर मला नको आहे. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुझी थोरली बहीण,
सेलाई